पानं वाढून होऊ देत

हळदीकुंकवाला जमलेल्या बायका एकमेकींना ऑपरेशनचे टाके दाखवायला लागल्या की मी आजवर वाण घेऊन काढता पाय घेत आले. आजारपण हा काय मिरवायचा दागिना आहे? आता मीच लिहायला बसले आहे, तेव्हा ज्यांना हसायचं असेल त्यांनी आधीच हसून घ्यावं. घरी येऊन औषधपाणी बघणाऱ्या सिस्टरने गळच घातली, ‘काकू, तुम्ही काय केलं ते लिहा. म्हंजी दुसरं कोणी करणार नाय.’ म्हणजे मी लिहायचा तो मूर्खपणा. त्याला काही अभ्यास करावा लागणार नव्हता.

आम्ही पंचवटीतले. आमचे हे तीर्थपुरोहित. बाहेरगावचे लोक रामकुंडावर श्राद्धकर्म करायला येतात, त्यांचे विधी हे सांगतात आणि नंतरचं ब्राह्मणभोजन आमच्या घरी होतं. त्याचा स्वयंपाक सोवळ्यात करायचा. आंघोळ करून, वेगळं वाळत घातलेलं लुगडं नेसून गॅसपुढे उभं राहायचं आणि पानं वाढून होईपर्यंत कुणाला, कशाला शिवायचं नाही. शिवलं तर परत आंघोळ, आणि रांधलेलं सगळं परत. तेहेतीस वर्षं मी हे केलं. कुणी बळजबरी केली नव्हती. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

उशा किती?

पाय सुजायला लागले तेव्हा वाटलं, उभं राहून राहून सुजले असतील. जिना चढताना दम लागायला लागला, तर वाटलं वजन वाढलंय. मग आडवं झालं की गुदमरायचं, म्हणून एकीवर दुसरी उशी आली, दुसरीवर तिसरी. हे म्हणाले, ‘सिंहासन करून घेतलंयस अगदी.’ मीही हसले.

शेवटी सून मेघनाने रजा टाकली आणि मला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तिच्यापेक्षाही लहान. मला वाटलं, ही काय बघणार! तिने पाय दाबून बघितले, बोटाचा खळगा तसाच राहिला. मग तिने विचारलं, ‘झोपताना उशा किती घेता?’

‘तीन.’

‘कधीपासून?’

मला आठवेना. तिने पेन खाली ठेवलं आणि मेघनाकडे बघितलं.  तोवर मी सुजेवरच्या गोळ्या मागून घ्यायच्या बेतात होते.

दुपारपर्यंत तपासण्या झाल्या. हृदय मोठं झालंय, थकलंय, रक्त पुढे ढकलायला त्याला जोर पुरत नाही, म्हणून पाणी पायात आणि फुप्फुसात साठतंय. कधीतरी एक झटका येऊन गेला असावा, मला तो कळलाच नाही. ‘हृदय तर हिचं पहिल्यापासून मोठंच आहे,’ हे म्हणाले. घाबरले की ह्यांना विनोद सुचतात. डॉक्टरीणबाई थोडं हसल्या आणि लगेच दाखल व्हायला सांगितलं. मी विचारलं, ‘उद्या आलं तर चालेल का? आज वडे भिजवलेत.’ डाळ भिजवली होती असं म्हणायचं होतं. जीभही ठिकाणावर नव्हती.

मापात

दवाखान्यात माझ्या प्रत्येक गोष्टीचं माप काढलं गेलं. पाणी किती प्यायले, लघवी किती झाली, वजन किती उतरलं. लघवीची पिशवी पलंगाला टांगलेली असायची आणि भेटायला येणाऱ्याची नजर आधी तिच्याकडेच जायची. दिरांनी तर नमस्कारही त्या दिशेलाच केला. पहिले दोन दिवस मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी मीच सिस्टरला विचारायला लागले, ‘आज किती झाली?’

जेवण अळणी. जिच्या आमटीला यजमान बोटं चाटायचे, तिने बिनमिठाचं वरण गिळायचं म्हणजे काय ते मलाच माहीत.

शेजारच्या खाटेवर इगतपुरीच्या एक आजी होत्या. एके दुपारी मला डुलकी लागली आणि उठून बघते तर त्यांची खाट रिकामी, चादर बदललेली. मी पदर तोंडाला लावून रडायला लागले. त्यांच्यासाठी रडत होते की स्वतःसाठी, ते आता सांगता येणार नाही. दहा मिनिटांनी आजी व्हीलचेअरवरून परत आल्या, एक्स-रे काढायला गेल्या होत्या. ‘एवढ्यात न्हाय जात गं मी,’ त्या हसत म्हणाल्या, ‘पेन्शन यायचीय.’ त्या हसण्याने मला जे बरं वाटलं, ते सलाइनने वाटलं नव्हतं.

भीती मात्र खरी होती. छातीत पाणी भरतं तेव्हा आपण कोरड्या खोलीत बसून बुडत असतो. मला मरणाची एवढी भीती असेल असं वाटलं नव्हतं. रोज मरणाचे विधी चालतात त्या घरात मी उभा जन्म काढला होता.

घड्याळ

घरी सोडताना त्यांनी एका धर्मादाय संस्थेच्या घरपोच तातडीच्या सेवेत माझं नाव घातलं. आमच्या बोळात अॅम्ब्युलन्स शिरत नाही, दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी एकीला मागे जावं लागतं. शिवाय सिंहस्थाच्या कामांसाठी तेव्हा निम्मे रस्ते उकरलेले. त्यामुळे ही सेवा मला देवासारखी वाटली. फोन करायचा, त्यांची नर्स स्कूटरवरून घरी येते, तपासते, फोनवर डॉक्टरांना दाखवते, इंजेक्शन देते. फारच वाईट असेल तर बोळाच्या तोंडाशी गाडी बोलावते.

आमच्याकडे आली ती मनीषा सिस्टर. चांदवडची, कांदा पिकवणाऱ्या घरातली, तिशीतली, आवाज खणखणीत. चपला बाहेर काढून तिने उंबऱ्यातच विचारलं, ‘काकू, सोवळ्याचं काय हाय का? कुठं यायचं, कुठं नाय, ते आत्ताच सांगा. मंग गडबडीत इचारायला टाइम नसतो.’ मला हे फार आवडलं. मी तिला स्वयंपाकघर सोडून सगळं घर मोकळं असल्याचं सांगितलं.

तिने एक वही दिली. रोज सकाळी वजन करून लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय, लगेच फोन करायचा. दम लागला तरी फोन. ‘तासाच्या आत आमचं माणूस दारात असंल,’ ती म्हणाली, ‘पण आमचं घड्याळ तुमचा फोन आल्याव चालू व्हतं, त्याच्या आधी नाय. ध्यानात ठेवा.’

‘एवढ्या तेवढ्याला तुम्हाला कशाला त्रास देऊ?’

‘आमच्या साठवणीच्या चाळीत कांदा सडायला लागला का पयले वास येतो. तवाच हात घालून एक कांदा काढायचा. पाणी सुटंस्तवर बसलं का आख्खी चाळ जाती. तुमचा वास म्हंजी ते वजन.’

मी मान डोलावली. मान डोलवायला काही लागत नाही.

खिरीचं पातेलं

जळगावकडचे जुने यजमान वडिलांचं वर्षश्राद्ध करायला येणार होते. स्वयंपाकाला आता आम्ही एक बाई ठेवली होती. तिला मी आदल्या दिवशीच नको म्हणून सांगितलं. तीन पिढ्यांचं घर, त्यांना माझ्या हातची खीर लागते. हे म्हणाले, ‘झेपेल का?’ मी म्हटलं, ‘एक दिवसाने काय होतंय?’

खरं तर वजन आदल्या दिवशीच दोन किलोने वाढलेलं होतं. मी वहीत जुनाच आकडा लिहिला.  आजही ते पान बघितलं की स्वतःचा राग येतो.

सकाळी आठला सोवळ्यात उभी राहिले तेव्हाच दम लागत होता. खीर ढवळताना एका हाताने ओट्याला धरायचं, दुसऱ्याने पळी. फोन बाहेर फळीवर होता. तिथवर चार पावलं. पण फोनला शिवलं की सोवळं मोडलं, आणि श्राद्धाची वेळ दुपारची, परत रांधायला सवड नव्हती. बघा, जीव जायची वेळ आली तरी मी गणित करत होते ते स्वयंपाकाचं.

मेघना त्या दिवशी घरूनच काम करत होती. दहाच्या सुमाराला ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली. ‘आई, केवढा घाम आलाय तुम्हाला! सिस्टरना फोन लावू?’

‘नको. गॅसपाशी घाम येणारच.’

अकराला परत आली. ‘ओठ निळे दिसतायत. मी लावते फोन.’

‘सोवळ्यात आहे मी, वाद घालू नकोस. आणि सिस्टर आली तर तिला बसवू कुठे? ब्राह्मण यायची वेळ झाली.’

बाराला ती परत आली. उंबऱ्याशी उभी राहिली, हातात फोन घेऊन. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, ‘पानं वाढून होऊ देत. मग काय करायचं ते कर.’ माझ्या त्या आवाजापुढे आमच्या घरात कुणी जात नाही. तीही गेली नाही.

तीन ब्राह्मण पानावर बसले. पहिलं वाढप कसंबसं झालं. दुसऱ्यांदा खीर घेऊन गेले तर ‘वाढू का?’ एवढे दोन शब्द तोंडातून निघेनात. तशीच वाढली, परत आत आले आणि ओट्याखाली बसले. बसले कसली, सरकले. भिंत थंड लागली एवढं आठवतंय. मग उंबरा ओलांडून मेघना आत आली, तिने मला दोन्ही हातांनी उचलून टेकवून बसवलं आणि माझ्या छातीवर एक हात ठेवूनच फोन लावला. पलीकडच्या बाईने विचारलेलं मला ऐकू येत होतं. ‘पेशंटला एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतंय का?’

‘एक शब्दसुद्धा येत नाहीये,’ मेघना म्हणाली, आणि ती रडायला लागली.

एकला पाच मिनिटं कमी होती.

पानांमधून वाट

आमच्या घराची रचना अशी की स्वयंपाकघरात जायला पुढच्या खोलीतूनच वाट आहे, आणि त्या खोलीत पंगत बसलेली. श्राद्धाचं जेवण अर्ध्यावर सोडून ब्राह्मणाने उठायचं नसतं, आणि बाहेरचं कुणी मधून गेलं तर सगळ्यावरच पाणी पडलं. मनीषा स्कूटर खोदलेल्या रस्त्याच्या अलीकडेच टाकून पळत आली. एका खांद्याला बॅग, दुसऱ्याला छोटं ऑक्सिजनचं सिलिंडर. आणि उंबऱ्यात येऊन थांबली. मीच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं ना, कुठं यायचं आणि कुठं नाही.

हे यजमानांजवळ उभे होते. नंतर मेघनाने सांगितलं, हे एकदा आत बघत होते, एकदा पंगतीकडे. एकीकडे मी, एकीकडे यजमानांचे वडील.

पंगतीत पहिल्या पानावर नाना होते. ऐंशीच्या पुढचे, पंचवटीतले सगळ्यात कडक. त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या वाकडा ठेवलेला चालायचा नाही. त्यांनी स्वतःचं पान दोन्ही हातांनी उचलून बाजूला सरकवलं आणि पाय आखडून घेतले.

‘या बाई, इथून जा आत. आधी तिला बघा. पितरांना कसली घाई? ते थांबलेलेच आहेत.’

मनीषा दोन पानांच्या मधून आली. माझ्या स्वयंपाकघरात, सोवळ्याच्या पातेल्यांना पदर लागू नये म्हणून अंग चोरून बसली, आणि मला मास्क लावला. दंडावरची शीर सापडेना, तर मनगटावर सुई घातली. ‘काकू, माझ्याकडं बघा. फकस्त बघत ऱ्हा. बोलू नका.’ मी तिच्याकडे बघत राहिले. कपाळावर घामाची धार, भुवईत धूळ. किती वेळाने माहीत नाही, पहिला पूर्ण श्वास आला. मला इतकं रडू आलं की मास्कच्या आत पाणी झालं.

गाडी बोळाच्या तोंडाशी आली तेव्हा मला खुर्चीत बसवून तिथवर न्यायचं होतं. एका बाजूला यजमान, एका बाजूला हे, मागे हात न धुतलेले दोन ब्राह्मण. नाना पुढे, लोकांना बाजूला करत.

दोन आकडे

निघायच्या आधी मनीषाला कागद भरायचा होता. फोन आल्याची वेळ, पोचल्याची वेळ. मधली एकोणीस मिनिटं. रस्ते तसे असताना एकोणीस मिनिटं म्हणजे तिने कमालच केली होती. मग तिने विचारलं, ‘त्रास कवा चालू झाला?’

मी बोटाने एक दाखवलं. एक वाजता.

‘खोटं,’ मेघना म्हणाली. ‘आठ वाजल्यापासून.’

मनीषाने लिहून घेतलं. लिहिताना तिने मान वर केली नाही. ‘माझ्या कागदावर एकोनीस मिनिटं दिसतील. साहेब खूश व्हतील, मीटिंगमदी वाचून दाखवतील. आमचं घड्याळ भारी पळालं, काकू. तुम्ही पाच तास लावलं त्याला मी काय करू?’

ती चिडली नव्हती, हेच मला लागलं. चिडली असती तर मी उलट काही बोलले असते.

या खेपेला दवाखान्यात सहा दिवस काढले. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. जे थोडं बळ औषधांनी परत मिळवलं होतं, त्यातलं बरंच गेलं आणि ते सगळं आता परत यायचं नाही. म्हणून मी आज वरच्या मजल्यावर जात नाही. नातवंडं झोपतात ती खोली मी कित्येक महिन्यांत पाहिलेली नाही. पाच तासांची ही किंमत, आणि ती मी एकटीने मोजलेली नाही.

मेघना दवाखान्यात रोज यायची, सगळं करायची, पण बोलायची नाही. घरी आल्यावर चौथ्या दिवशी मीच म्हटलं, ‘झालं ते झालं. आता राग सोड.’

तिने हातातली गोळ्यांची डबी खाली ठेवली. ‘आई, तुम्ही गेला असतात तर लोकांनी काय म्हटलं असतं? सून घरात होती. फोन हातात होता. आणि तेच मला जन्मभर वाटत राहिलं असतं. तुम्ही मला तीनदा नाही म्हटलंत.’

मी सोवळं सांभाळत होते आणि मरण तिच्या हातात देत होते, हे मला तोवर दिसलंच नव्हतं. सासूने सुनेची माफी मागायची आमच्याकडे पद्धत नाही.  शेवटी ‘चुकले गं’ एवढंच म्हटलं. तिने मान हलवली आणि डबी उचलली. लगेच सगळं गोड झालं असं नाही.

नाना भेटायला आले तेव्हा मी विचारलं, ‘त्या दिवशी श्राद्ध मोडलं का हो?’ ते म्हणाले, ‘आतुराला, म्हणजे आजारी माणसाला, नियम नसतो. हे मी तुझ्या नवऱ्याला पन्नास वर्षांपूर्वी शिकवलंय. तुला त्याने सांगितलं नाही का?’ ह्यांनी पंचांग उघडलं आणि बराच वेळ वाचत बसले.

सात दहा

आता स्वयंपाक ठेवलेली बाई करते. तिची खीर पातळ होते. मी बाहेरून सांगते, ती ऐकत नाही.

परवा सकाळी सातला वजनकाट्यावर उभी राहिले. तीन दिवसांत दीड किलो वाढलेलं. दोन नव्हे, दीड. दम थोडासाच, बोलता येत होतं. ह्यांची रामकुंडावर जायची गडबड, मेघना मुलांना शाळेत सोडायला गेलेली. मनात लगेच सुरू झालं, दुपारपर्यंत बघू, उगाच कशाला बोलवायचं, तिला माझ्यापेक्षा आजारी माणसं असतील. ते सगळं कसं ओळखीचं वाटलं, आणि मी घाबरले. फोन केला. पलीकडच्या बाईला पूर्ण वाक्यात सांगितलं, एका दमात.

मनीषाला यायला बावन्न मिनिटं लागली. दुसरीकडे कुणाचा तरी जीव खरंच टांगणीला लागला होता, तिथून आली. दारातूनच म्हणायला लागली, ‘लय उशीर झाला काकू, माफ करा.’ मी तिला आधी पाणी दिलं. तिने तपासलं, डॉक्टरांना विचारून इंजेक्शन दिलं, गोळी वाढवली. दुपारी पायांची सूज ओसरायला लागली. दवाखाना नाही, खुर्चीत बसून वरात नाही. आम्ही वेळेवर जेवलो.

संध्याकाळी मेघनाने मनीषाने भरून ठेवलेला टेबलावरचा कागद उचलून वाचला. त्रास सुरू, सात. फोन, सात दहा. माझ्याकडे वळून म्हणाली, ‘मधली दहा मिनिटं काय करत होतात?’

मी पदर नीट करायला लागले.

‘आई?’

‘वेणी घालत होते,’ मी म्हटलं. ‘सिस्टर येणार, केस विस्कटलेले.’

मला वाटलं आता ओरडणार. ती माझ्यामागे येऊन बसली, आणि सकाळी घाईत वाकडी घातलेली ती वेणी सोडून परत घालायला लागली. ‘पुढच्या वेळी आधी फोन,’ ती मागून म्हणाली. ‘केसांचं मी बघेन.’